काट्याचं सॉफ्टवेअर रोज पहाटे बंद पडायलंय: पॉइंटर, डिलीट आणि मालकीचा घोळ

काटेवाला_धाराशिव

नमस्कार मंडळी, लई दिवसांनी धागा काढतोय आणि तोबी अडचणीत असताना, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी धाराशिव जिल्ह्यातला. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो, सी प्लस प्लस मध्ये मीच लिहिलेलं आहे, विंडोजवर चालतं, ३२ बिटचं बिल्ड. भरलेली गाडी काट्यावर आली की इंडिकेटरकडून (वजन दाखवणाऱ्या यंत्राकडून) वजन येतं, कॅमेरा एक फोटो घेतो, पावती निघते, गाडी गव्हाणीकडं जाते, ऊस रिकामा करून परत येते, रिकामं वजन, दुसरा फोटो, निव्वळ वजनाची पावती, संपलं. त्यानंतर त्या गाडीचं ऑब्जेक्ट (प्रोग्राममधली त्या गाडीची नोंद) मेमरीतून जायला पाहिजे.

मागचे हंगाम व्यवस्थित गेले. यंदा कॅमेरे लावले आणि तिथून सुरू झालं. सकाळी ८ ला पाळी बदलताना प्रोग्राम बंद करून परत चालू करतो आणि पहाटे ४ च्या आसपास मेमरी मिळत नाही म्हणून तो मरतो. तुम्ही म्हणाल परत चालू करायचा, त्यात काय. पण डेटाबेस तपासून, अर्धवट गाड्या जुळवून चालू व्हायला पाऊण तास जातो आणि तेवढा वेळ मागं टायरगाड्यांची रांग थांबलेली असते, बैलं जुंपलेली, थंडी, तोडकरी बाया लेकरं घेऊन उसावर बसलेल्या. त्यांची पुढची खेप हुकते. मला ते बघवत नाही.

क्लासची रचना सांगतो. "वाहन" हा मूळ क्लास (म्हणजे ऑब्जेक्टचा साचा), त्यात गाडी नंबर, वेळ, वजन. मळी, बगॅसच्या गाड्या त्याच्यावरच चालतात. यंदा त्याच्यातून "ऊसगाडी" डिराइव्ह केला, त्यात दोन फोटोंचे पॉइंटर (मेमरीतल्या जागेचे पत्ते), कन्स्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट बनताना चालतो तो) न्यू करून जागा घेतो आणि डिस्ट्रक्टरमध्ये (ऑब्जेक्ट जाताना चालतो तो) डिलीट करून सोडतो. यार्डातल्या सगळ्या गाड्या वाहनाच्या पॉइंटरांच्या एका व्हेक्टरमध्ये (लागेल तशी वाढणारी यादी). गाडी गेली की तो पॉइंटर डिलीट. म्हणजे डिलीट तर मी करतोच आहे, तरी मेमरी कामून वाढायलीय?

गोदाकाठ

दोन गोष्टी सांगा. फोटो केवढा, आणि वाहन क्लासचा डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल आहे का?

काटेवाला_धाराशिव

ताई, फोटो १२८० बाय ७२०, रंगीत, कॉम्प्रेस न करता ठेवतो. वाहन क्लासला डिस्ट्रक्टर लिहिलेलाच नाही, त्याच्यात पॉइंटरच नाही तर लिहायचा कशाला म्हणून.

गोदाकाठ

मग सापडलं बहुतेक.

तुम्ही डिलीट करताय तो पॉइंटर वाहनाचा आहे. कंपायलरला (कोडाचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्याला) त्या ओळीवर फक्त वाहन दिसतं. मूळ क्लासचा डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल असला तरच तो प्रत्यक्ष ऑब्जेक्ट कुठल्या जातीचं आहे हे बघून ऊसगाडीचा डिस्ट्रक्टर चालवतो. तुमच्याकडं तो व्हर्च्युअल नाही, लिहिलेलाच नाही, त्यामुळं ऊसगाडीचा डिस्ट्रक्टर चाललाच नाही आणि फोटो तिथंच पडून राहिले. खरं सांगायचं तर स्टँडर्डच्या (सी प्लस प्लसच्या अधिकृत नियमांच्या) भाषेत हे "अनडिफाइंड बिहेवियर" आहे, म्हणजे काहीबी होऊ शकतं, पण व्यवहारात बहुतेक वेळा असंच होतं, गळती.

हिशोब करून बघा. १२८० गुणिले ७२० गुणिले ३ म्हणजे २७,६४,८०० बाइट. गाडीमागं दोन फोटो, ५५,२९,६०० बाइट. विंडोजवर ३२ बिटच्या प्रोग्रामला सहसा २ जीबी जागा मिळते, म्हणजे २१४ कोटी ७४ लाख बाइटच्या आसपास. भागलं तर ३८८ गाड्या. दिवसाला किती गाड्या येतात तुमच्या काट्यावर?

काटेवाला_धाराशिव

४०० च्या आसपास. थांबा, ८ ते पहाटे ४ म्हणजे २० तास, ३३३ गाड्या... १८४ कोटी बाइट. बाकी प्रोग्रामची स्वतःची जागा. आईशप्पथ, तंतोतंत बसलं की. आणि मी चार दिवस रॅम बदलून बघायलो होतो.

गोदाकाठ

आणि एक, फोटोला सलग २७ लाख बाइटची जागा लागते. मेमरी तुकड्यातुकड्यात शिल्लक असली तरी सलग मिळाली नाही की न्यू हात वर करतं. म्हणून ३८८ पर्यंत पोचायच्या आधीच मरतंय. रॅम कितीबी टाका, ३२ बिटच्या प्रोग्रामच्या पत्त्यांची हद्द तीच राहते.

मांजराकाठ

लातूरकडून हजेरी. धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो, मी काही वर्षं इंजिनिअरिंगच्या पोरांना सी प्लस प्लस शिकवलंय आणि पॉइंटर म्हटलं की पोरं घाबरतात, कारण आपण त्यांना पॉइंटर म्हणजे "पत्ता ठेवणारा व्हेरिएबल" एवढंच सांगतो. ते बरोबर आहे पण अर्धं आहे. पत्ता माहीत असणं वेगळं आणि मालक असणं वेगळं. गावात प्रत्येकाला माहितीय की अमक्याचं शेत ओढ्याच्या पलीकडं आहे, गट नंबर पण तोंडपाठ असतो, म्हणून काय तो ते शेत विकू शकतो का? सातबारावर ज्याचं नाव त्यानंच विकायचं.

साधा पॉइंटर बघितला तर त्याच्यावर सातबारा नसतो. तो मालकाचा आहे का नुसता वाटसरूचा, हे कोडात कुठंच लिहिलेलं नसतं, ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात असतं. आणि डोक्यातलं दुसऱ्या हंगामात विसरलं जातं. माझं तर मत असं की सी प्लस प्लस मधल्या मेमरीच्या निम्म्याहून जास्त भानगडी या "डिलीट कोणी करायचं" याच्या गैरसमजातून होतात, न्यू-डिलीटचं व्याकरण चुकून होत नाहीत.

२०११ च्या स्टँडर्डमध्ये युनिक पॉइंटर आला तो यासाठीच. एकाच नावाचा सातबारा. त्याची कॉपी होत नाही, कंपायलर करूच देत नाही. दुसऱ्याला द्यायचा तर मूव्ह करायचा, म्हणजे फेरफार, फेरफार झाला की जुन्या मालकाकडं काही शिल्लक नाही, त्याचा पॉइंटर नल होतो. आणि मालक गेला, म्हणजे तो व्हेरिएबल स्कोपच्या (कोडातल्या त्याच्या हद्दीच्या) बाहेर गेला, की ऑब्जेक्ट आपोआप जातं. डिलीट हा शब्दच तुमच्या कोडात राहत नाही.

काटेवाला_धाराशिव

काका, सातबारावरून पहिल्यांदा नीट कळलं. आज रात्री डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल करून टाकतो, बाकीचं हळूहळू.

काटेवाला_धाराशिव

अपडेट देतो, आणि वाईट आहे. डिस्ट्रक्टर व्हर्च्युअल केला, रात्री १० ला चालू केलं, मेमरी वाढायची थांबली, मी खूश. १२:२० ला क्रॅश. परत चालू केलं, दीड तासात परत क्रॅश. आता मेमरी संपत नाही, सरळ हीप करप्शन (न्यू जिथून जागा देतं ती मेमरी बिघडली) म्हणून मरतंय. जुनं परत लावलं शेवटी, कारण ते निदान पहाटेपर्यंत तरी चालतं. आधी जे नव्हतं ते दुरुस्तीनं आणलं असं व्हायलंय.

गोदाकाठ

दुरुस्तीनं आणलं नाही, आधीपासून होतं, पहिल्या चुकीनं झाकलं होतं. ज्या ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर कधी चालतच नव्हता तो आता चालायला लागला, म्हणून दोनदा डिलीट होणारी जागा उघडी पडली. क्रॅशच्या आधी काट्यावरचा माणूस काय करत होता हे विचारा. आणि ऊसगाडी कुठं व्हॅल्यूनं पास होते का ते शोधा, रेफरन्सनं (मूळ गाडीच देऊन) नाही, व्हॅल्यूनं (तिची कॉपी देऊन).

काटेवाला_धाराशिव

ताई, विचारलं. दोन्ही वेळेला दुबार पावती काढली होती. दुबार पावतीचं फंक्शन बघितलं, ते ऊसगाडी व्हॅल्यूनं घेतंय. एक अक्षर राहिलंय, रेफरन्सचं चिन्ह, अँपरसँड (&).

मराठवाडी_पुण्यात

मूळचा अंबाजोगाईचा, सध्या पुण्यात हेच काम करतोय. नेमकं काय झालं ते सांगतो कारण हे दुसऱ्यांनाबी उपयोगी पडेल.

व्हॅल्यूनं पास केलं की ऊसगाडीची कॉपी होते. तुम्ही कॉपी कन्स्ट्रक्टर लिहिला नाही म्हणून कंपायलरनं स्वतःचा दिला, तो एकेक मेंबर जसाच्या तसा उतरवतो, पॉइंटरचा पत्तासुद्धा. म्हणजे फोटो एकच आणि त्याचे मालक म्हणवणाऱ्या गाड्या दोन. फंक्शन संपलं की कॉपीचा डिस्ट्रक्टर चालला, इथं व्हर्च्युअलचा प्रश्नच नाही कारण ती सरळ ऊसगाडीच आहे, त्यानं फोटो डिलीट केले. यार्डातल्या खऱ्या गाडीकडं आता उडालेल्या जागेचा पत्ता उरला. जुन्या कोडात त्या गाडीचा डिस्ट्रक्टर चालतच नव्हता म्हणून कुणाला कळलं नाही. आता चालतो, दुसऱ्यांदा डिलीट, क्रॅश.

याला रूल ऑफ थ्री म्हणतात. डिस्ट्रक्टर, कॉपी कन्स्ट्रक्टर, कॉपी असाइनमेंट, यातलं एक हातानं लिहायची वेळ आली तर तिन्ही लिहावे लागतात. २०११ नंतर मूव्हचे दोन धरून पाच.

एक विचारू का, दुबार पावतीवर कधी चुकीचा फोटो आलाय का?

काटेवाला_धाराशिव

दादा, तुम्हाला कसं कळलं?

दोनदा झालंय. एका शेतकऱ्यानं भांडण काढलं होतं की पावती माझी अन् फोटो दुसऱ्याच ट्रॅक्टरचा, माझं वजन मारलं म्हणून. आम्ही त्यालाच समजावत बसलो की कॅमेऱ्याचा घोळ असेल. वजन बरोबरच होतं, रजिस्टरला ताडून दाखवलं, पण त्याचा विश्वास बसला नाही आणि आता वाटतंय तो का बसावा. त्याच गाडीची दुबार पावती दोनदा काढली होती का ते बघतो.

काटेवाला_धाराशिव

बघितलं. हो, दोन्ही वेळेला दुसऱ्यांदा काढलेली.

मराठवाडी_पुण्यात

मग तेच. पहिल्या दुबार पावतीनं फोटोची जागा सोडली, मधल्या काळात दुसरी गाडी आली, तिचा फोटो तेवढ्याच मापाचा, तिला तीच जागा मिळाली. तुमच्या पहिल्या गाडीकडं जुना पत्ता तसाच, तिनं त्या पत्त्यावर जाऊन जे दिसलं ते छापलं. याला यूज आफ्टर फ्री म्हणतात, आणि क्रॅशपेक्षा हे वाईट, कारण प्रोग्राम ठणठणीत चालू राहतो आणि खोटं बोलतो. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या दरवर्षीच्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी साधारण ७० टक्के मेमरीच्या चुकांमधून येतात, क्रोमियमवाल्यांनी (गुगल क्रोम ज्याच्यावर उभा आहे तो ब्राउझर) २०२० मध्ये त्यांच्या गंभीर सुरक्षा बगांबद्दल जवळजवळ तोच आकडा दिला. पण आकडे राहू द्या, तुमच्या काट्यावर त्या शेतकऱ्याला जे वाटलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

परभणीची_ज्वारी

इथं सगळे अनुभवी लोक आहेत, मी थर्ड इयरला आहे, विचारू का नको असं करत होते. सर, मी न्यू वापरतच नाही, सगळं व्हेक्टरमध्ये ठेवते, तरी माझा प्रोग्राम कधी चालतो कधी नाही. व्हेक्टरमधल्या पहिल्या विद्यार्थ्याचा पत्ता पॉइंटरमध्ये ठेवला, मग अजून विद्यार्थी टाकले, मग त्या पॉइंटरनं नाव छापलं तर कचरा येतोय. आणि कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सी प्लस प्लस आहे, त्यात तर व्हेक्टरच नाही.

गोदाकाठ

बरं केलंस विचारलंस. व्हेक्टर आपली जागा भरली की दुसरीकडं मोठी सलग जागा घेतो, सगळे एलिमेंट तिकडं नेतो आणि जुनी जागा सोडून देतो. तुझा पॉइंटर जुन्या जागेकडं बोट दाखवत राहिला. कधी चालतो कारण कधी जागा शिल्लक असते आणि हलायची वेळ येत नाही. इंडेक्स ठेव, पॉइंटर नको. किती येणार हे आधी माहीत असेल तर तेवढी जागा आधीच रिझर्व्ह करून ठेव, पण त्याच्या भरवशावर पॉइंटर सांभाळत बसू नकोस.

टर्बोचं काय सांगू. ते सी प्लस प्लसच्या १९९८ च्या पहिल्या स्टँडर्डच्याही आधीचं आहे. त्यात परीक्षेपुरतं प्रॅक्टिकल कर, पण घरी जीसीसी किंवा क्लँग हे कंपायलर टाक, फुकट आहेत. आणि कंपाइल करताना ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारी सोय) चालू कर, एक पर्याय द्यायचा असतो फक्त. तुझा प्रोग्राम चालवलास की कुठल्या ओळीवर उडालेली जागा वाचली, ती कुठल्या ओळीवर घेतली होती आणि कुठं सोडली, तिन्ही सांगेल.

मांजराकाठ

+१. शिकवणाऱ्यांनीबी हे वाचावं. पोरांना पॉइंटरवरचे आउटपुट ओळखा छाप प्रश्न देऊन मेमरी कळत नाही, सॅनिटायझरचा एक लाल रिपोर्ट वाचायला लावला तर एका तासात कळते.

सोयगावचा_पाटील

मी म्हणतो एवढा विचार कशाला, सगळीकडं शेअर्ड पॉइंटर (एका ऑब्जेक्टचे अनेक मालक चालणारा) टाका आणि मोकळे व्हा. मी तसंच करतो, जावासारखं वाटतं.

काटेवाला_धाराशिव

पाटील, काल तेच केलं. घाई होती. गाडीकडं पावतीचा शेअर्ड पॉइंटर, पावतीकडं गाडीचा शेअर्ड पॉइंटर कारण छापताना गाडी नंबर लागतो. क्रॅश गेला आणि मेमरी परत वाढायला लागली, पहिल्यासारखीच.

गोदाकाठ

काकांचा सातबारा युनिकला छान लागू पडतो पण शेअर्डला सामाईक खातं म्हणून लावू नका, फसाल. सामाईक खात्यात प्रत्येकाचा हिस्सा असतो. शेअर्ड पॉइंटर मंगल कार्यालयाच्या किल्लीसारखा आहे, शेवटचा जो बाहेर पडेल त्यानं कुलूप लावायचं. आत किती जण आहेत याचा आकडा बाजूला मोजलेला असतो, तो शून्य झाला की ऑब्जेक्ट जातं. आता तुमची गाडी म्हणते पावती गेल्याशिवाय मी जाणार नाही आणि पावती म्हणते गाडी गेल्याशिवाय मी जाणार नाही. बाहेरचे सगळे गेले तरी आकडा एकावर अडकलेला. कुलूप कधीच लागत नाही. जावाचा गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी आपोआप गोळा करणारा) असं एकमेकांना धरून बसलेलं ओळखतो, शेअर्ड पॉइंटर नाही ओळखत, म्हणून पाटलांची तुलना इथं तुटते.

यावर वीक पॉइंटर आहे, तो आकड्यात मोजला जात नाही, वापरायच्या आधी लॉक करून ऑब्जेक्ट अजून जिवंत आहे का ते विचारावं लागतं. पण तुमच्या केसमध्ये तोबी नको. पावतीचा मालक कोण? गाडी. पावती गाडीपेक्षा जास्त जगते का? नाही. मग गाडीत पावती सरळ मेंबर म्हणून ठेवा, आणि छापायच्या फंक्शनला गाडी कॉन्स्ट रेफरन्सनं द्या. पावतीनं गाडीचा पत्ता साठवायचंच कारण नाही.

आणि साध्या पॉइंटरवरून दोन वेगवेगळे शेअर्ड पॉइंटर कधी बनवू नका, दोघांचे आकडे वेगळे सुरू होतात आणि दोघंबी डिलीट करतात. मेक शेअर्ड वापरा.

मराठवाडी_पुण्यात

फोटोसाठी तर पॉइंटरच नको. बाइटचा व्हेक्टर ठेवा. तो स्वतःची जागा स्वतः घेतो, स्वतः सोडतो, कॉपी केली तर खरी कॉपी होते, मूव्ह केला तर जागा हलवत नाही. मग ऊसगाडीला डिस्ट्रक्टर लिहायची गरजच नाही. याला रूल ऑफ झिरो म्हणतात आणि माझ्या मते नवीन कोडात हाच पहिला पर्याय असावा. वाहनाला मात्र व्हर्च्युअल डिस्ट्रक्टर पाहिजेच, आणि यार्ड म्हणजे वाहनाच्या युनिक पॉइंटरांचा व्हेक्टर. तसं केलं की गाडीची चुकून कॉपी करून यार्डात टाकायला गेलात तर कंपायलरच अडवेल.

आता महत्त्वाचं: कॅमेऱ्याची डीएलएल (कंपनीनं दिलेली तयार कोडाची फाइल) फोटो कुठं देते? तिनं स्वतः जागा घेऊन पॉइंटर दिला असेल तर तो तुम्ही डिलीट करायचा नाही, तिचं रनटाइम वेगळं असू शकतं, हीप वेगळा असू शकतो. तिनं सोडायचं फंक्शन दिलेलं असतं तेच वापरायचं. युनिक पॉइंटरला स्वतःचा डिलीटर देता येतो, तिथं ते फंक्शन द्या.

काटेवाला_धाराशिव

दादा, डीएलएल जागा स्वतःच घेते, आणि मी तिचा पॉइंटर सोडतच नव्हतो, माझ्याकडं कॉपी करून विसरून जायचो. नशीब ती तीच जागा पुढच्या फोटोला परत वापरते. पण तुम्ही म्हणता तसं डिलीटर लावून टाकतो.

बालाघाटी

उशिरा आलो. यातलं बरंचसं रस्ट या भाषेत कंपायलरच पकडतो, पहिली स्थिर आवृत्ती २०१५ ची आहे, आता बरीच स्थिरावली. नवीन काही लिहायचं असेल तर विचार करा. जुन्या कोडाला मात्र ताई सांगतात तेच, हंगाम चालू असताना भाषा बदलायची नसते. जुन्या प्रोजेक्टांत ऑटो पॉइंटर (युनिकच्या आधीचा) दिसला तर तोबी काढा, त्याची कॉपी केली की गुपचूप मालकी हलते, २०१७ च्या स्टँडर्डमधून तो काढूनच टाकलाय.

गळती शोधायला: विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरचा ॲड्रेस सॅनिटायझर डबल डिलीट, यूज आफ्टर फ्री पकडतो पण गळती सांगत नाही. त्यासाठी डीबग बिल्डमध्ये सीआरटीचा (मायक्रोसॉफ्टच्या सी रनटाइम लायब्ररीचा) लीक डम्प, म्हणजे गळतीची यादी, चालू करा, किंवा इंडिकेटर आणि कॅमेरा बाजूला ठेवून नुसतं यार्डाचं लॉजिक लिनक्सवर व्हॅलग्राइंड या मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रामखाली चालवा. लई हळू चालतं ते, पण खोट्या ५०० गाड्या आत-बाहेर करायला रात्रभर वेळ आहेच.

परभणीची_ज्वारी

गोदाकाठ ताई, सॅनिटायझर लावला, त्यानं बरोबर तीच ओळ दाखवली! आणि अजून एक निघालं, मी ॲरेसाठी न्यू केलेलं एका ठिकाणी होतंच, विसरले होते, आणि डिलीट साधं केलं होतं, चौकटी कंसाचं नाही. तेबी व्हेक्टर करून टाकलं.

काटेवाला_धाराशिव

शेवटचं अपडेट. बालाघाटींनी सांगितल्यासारखं लिनक्सवर ५०० खोट्या गाड्या घातल्या, व्हॅलग्राइंडनं अजून एक गळती दाखवली, गाडी परत पाठवली, म्हणजे पाचट जास्त म्हणून उतरवूनच घेतली नाही, तर त्या रस्त्यानं डिलीटच नव्हतं, सरळ रिटर्न. युनिक पॉइंटर आल्यावर ती आपोआप मिटली, मी तिथं काही लिहिलंच नाही. सगळ्या कोडात आता डिलीट हा शब्द नाही, डीएलएलचा डिलीटर तेवढा एक.

६ दिवस झाले, बंद न करता चालू आहे. दुबार पावतीचे फोटो मी स्वतः बसून एकेक ताडून बघितले. त्या शेतकऱ्याला बोलावून घेतलं आणि सांगितलं की चूक आमच्या प्रोग्रामाची होती, फोटो चुकीचा होता, वजन बरोबर होतं, आणि दोन्ही मूळ फोटो डिस्कवर होते ते दाखवले. तो म्हणाला, हे तेव्हाच सांगायचं होतं.

६४ बिट करायचं राहिलंय कारण कॅमेऱ्याची डीएलएल ३२ बिटचीच मिळालीय. पट्टा पडला (हंगाम संपला) की कॅमेऱ्यावाल्यांच्या मागं लागतो, तेव्हा हाच धागा वर काढतो.